कवीच्या नावावर खपवलेली गोष्ट

मी तेवीस वर्षं इंग्रजी कविता मराठीतून शिकवते आहे. हे ऐकून नाशिकमधल्या माझ्या सोसायटीतल्या बायका हसतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. मी राहते गंगापूर रोडला आणि माझं कॉलेज सुरगाणा तालुक्यात. सकाळची एसटी पकडायची, वणीला उतरायचं, पुढे जीप. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी दोन माणसांच्या जागेत चौथी म्हणून बसायचं आणि अडीच-तीन तासांनी वर्गात उभं राहून दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या धुक्याबद्दल बोलायचं. माझ्या विद्यार्थ्यांना धुकं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण परीक्षेत त्यांना त्यांचं धुकं कोणी विचारत नाही.

आमच्याकडे शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. आधी कविता वाचायची, मग तिचा अर्थ मराठीत सांगायचा, त्यावर थोडं इकडचं-तिकडचं बोलायचं, आणि शेवटी ज्यासाठी सगळे आलेले असतात ते डिक्टेशन. प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतून, एकेक वाक्य दोनदा, स्वल्पविरामासकट. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं डिक्टेशन म्हटलं की पाठ ताठ करून बसतात. घरी आपली डोंगरातली बोली बोलायची, शाळेत मराठी शिकायची आणि बीएला सोळा मार्कांचं उत्तर इंग्रजीत लिहायचं, तर पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग काय? शहरातले प्राध्यापक चर्चासत्रांमध्ये पाठांतराच्या नावाने नाकं मुरडतात. मी त्या चर्चासत्रांना जाते, मान हलवते, चहा-बिस्किटं घेते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन डिक्टेशन देते.

या नोट्सच्या वह्या घरातल्या पातेल्यांसारख्या मोठ्याकडून धाकट्याकडे जातात. परीक्षा झाली की वही टाकून कोणी देत नाही. बहिणीची भावाला, भावाची चुलतभावाला. अक्षर चांगलं असेल तर वहीला नाव मिळतं, मग तिच्या झेरॉक्स निघतात. माझ्या तोंडून निघालेलं एखादं वाक्य पाच-सहा वर्षं तालुक्यात हिंडत असतं आणि मला त्याचा पत्ता नसतो. लेखिका म्हणून मला जेवढे वाचक कधी मिळाले नाहीत तेवढे या वह्यांना आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या पेपरात एक प्रश्न शब्द फिरवून हमखास येतो. रोमँटिक कवितेतली कल्पनाशक्ती आणि मानवी अनुभव यांचं नातं सोदाहरण स्पष्ट करा. माझं ठरलेलं उत्तर असं, की अनुभव जसाच्या तसा कवितेत उतरत नाही. तो आधी मनात मुरतो, मग कल्पनाशक्ती त्याला दुसरं रूप देते, आणि मग एका माणसाचं दुःख वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलं वाटायला लागतं. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे, की सांगता सांगता मनातल्या मनात घरच्या भाजीची यादी करू शकते. एका वर्षी 'मुरतो' कसा ते समजावताना लोणच्याचं उदाहरण दिलं, तर अर्ध्या वर्गाने पेपरात कवितेची व्याख्या मीठ आणि मोहरीसकट लिहिली. तेव्हापासून मी उदाहरणं जपून देते. निदान देत होते.

सहा वर्षांपूर्वी तोच प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगत होते. जेवणानंतरचा तास, पत्र्याचं छप्पर, समोर झोपेने जड झालेली पंचवीस-तीस डोकी. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, लहानपणचं असं काही आठवतं का कोणाला, जे डोळ्यांसमोरून जात नाही? कवीला काय होतं ते कळायला स्वतःचं काहीतरी आधी काढा. एकदोघींनी चाचरत काही सांगितलं. मी 'छान, बस' म्हटलं, घंटा झाली आणि मी जीप गाठायला पळाले.

दुसऱ्या दिवशी एसटीतून येताना दिंडोरीच्या आसपास मला गोष्ट सुचली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, त्यांत छाटणीच्या टोळ्या. आमच्या मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर याच बागांमध्ये येतात. त्याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. वर्गात जाऊन मी ती गोष्ट सांगितली.

एक कवी आहे. वय वर्षं सहा. गाव डोंगरात. आई कामासाठी खालच्या मुलखात निघाली आहे. सकाळी घोडागाडी येते, आई चढते, मुलाला आजोबांपाशी ठेवलं आहे. गाडी वळणाआड गेली तसा मुलगा हात सोडवून पळत सुटतो. खालच्या वळणावर गाडी गाठता येईल म्हणून वाट सोडून पिवळ्या फुलांच्या शेतातून आडवा पळतो. पोहोचतो तेव्हा गाडी गेलेली असते. घरी परततो तर त्याचा कोट फुलांच्या भुकटीने पिवळा झालेला. तो कोट आई परत येईपर्यंत तो कोणाला झटकू देत नाही. पुढे मोठेपणी त्याच्या कवितेत पिवळी फुलं येतात. आईचं नाव कुठेच नसतं, पण असते तीच. बघा, मी म्हटलं, हा अनुभव आणि ही कल्पनाशक्ती.

वर्गात कोणी झोपलं नाही. फुलं कशी, असं एकाने विचारलं. खुरासणीसारखी, मी म्हटलं. खुरासणी हे इकडचं तेलाचं पीक, दसऱ्याच्या सुमाराला सगळे उतार पिवळे करून टाकतं. माना डोलल्या. मग दुसऱ्याने विचारलं, कोणत्या कवीची गोष्ट? अभ्यासक्रमात पाच कवी होते. त्यांतल्या ज्याचं नाव आधी जिभेवर आलं त्याच्या अंगावर मी ती ढकलून दिली. तो काही उठून तक्रार करायला येणार नव्हता. "मॅडम, डिक्टेट करा," मुलं म्हणाली. मी केली, कोट आणि घोडागाडीसह, एकेक वाक्य दोनदा.

पुढच्या वर्षी कॉलेजची तपासणी होती. सगळं पुस्तकाबरहुकूम शिकवलं, गोष्ट सांगितली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिची आठवणही झाली नाही.

यंदा जूनमध्ये प्राचार्यांचा फोन आला. मी घरी उन्हाळ्याच्या सुट्टीतले पापडाचे डबे लावत होते.

"मॅडम, तुमच्या विषयाच्या एकतीस पोरांचा निकाल राखून ठेवलाय."

"कशाबद्दल?"

"सामूहिक कॉपी. सगळ्यांनी एकच गोष्ट लिहिलीय म्हणे, शब्दाला शब्द. कोणत्या तरी कवीची आई गाडीत बसून जाते, आणि कोट. तपासणाऱ्याने गठ्ठाच बाजूला काढला. विद्यापीठाने विषयशिक्षकांचं मत मागवलंय. दोन ओळी लिहून द्या."

मला तेव्हा काहीच आठवलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. ते अर्धं खरं आहे. कोट हा शब्द ऐकल्यावर आत काहीतरी हललं होतं. मी ते लगेच जागच्या जागी बसवून टाकलं. माझी प्रमोशनची फाईल त्याच महिन्यात विद्यापीठात गेली होती, आणि अशा वेळी मनातलं काही हलू देणं परवडत नाही. शिवाय मला रागही आला. एवढं जीव तोडून शिकवायचं आणि पोरांनी कुठून तरी भलतंच उचलून लिहायचं.

मी तीन वाक्यं लिहिली. सदर प्रसंग अभ्यासक्रमात नाही. संबंधित कवीच्या चरित्रात असा उल्लेख आढळत नाही. मी तो वर्गात शिकवलेला नाही. पत्र चांगलं उतरलं होतं, मी ते दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं. इतके दिवस विद्यापीठाला नुसता संशय होता. माझ्या पत्राने त्याची खात्री झाली, आणि चौकशी समिती नेमली गेली.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. त्या एकतिसांतलीच. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही, पण डिक्टेशनला तिचं पेन कधी थांबायचं नाही. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"मॅडम, आम्ही कॉपी नाय केली," ती म्हणाली. "पाठ केलेलं हाय."

"कुठून पाठ केलं?"

तिने पिशवीतून वही काढली. जुनी, कडा मऊ पडलेली, वर वर्तमानपत्राचं कव्हर. "माझ्या ताईची. ती तुमच्याच वर्गात होती. तिच्या अक्षराची सगळे तारीफ करायचे, म्हणून मी वर्गात आणली. सगळ्यांना झेरॉक्स मीच दिली."

तिने खूण केलेलं पान उघडलं. मोत्यासारखं अक्षर, आणि वाक्यं माझी. लांब वाक्यात दोनदा 'परंतु' घालायची माझी खोड आहे. इंग्रजीतही ती सुटत नाही. दोन्ही 'परंतु' जागच्या जागी होते. घोडागाडी होती, वळण होतं, कोट होता. पानावर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. बसवून ठेवलेलं सगळं एका दमात उठून उभं राहिलं.

"मॅडम, तुम्ही लिहून दिलं की शिकवलं नाय म्हणून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "आता सगळी मलाच बोलतात. तुझ्या वहीने घात केला म्हणतात."

"तुझं पुढे काय ठरलंय?"

"बीएडला नंबर लागलाय, नाशिकला. महिना संपायच्या आत मार्कशीट दाखवायची. नाय दाखवली तर सीट दुसऱ्याला जाईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं वर्ष नाय मॅडम. आई म्हणते, यंदा लागलं तर लागलं. नायतर दसऱ्यानंतर टोळीत माझं नाव हाय."

तिने हे रडून सांगितलं नाही. टोळीत नाव असणं ही तिच्या घरात रडायची गोष्ट नव्हती. तिची आई तेच करत आली होती, ताई कॉलेज सुटल्यावर तेच करत आता दिंडोरीच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरत होती. वही माझ्याकडे ठेवून ती जीपला गेली.

प्राचार्य भले गृहस्थ आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस जितका भला असतो तितके. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पान वाचलं, तारीख बघितली आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"ही मला दाखवलीच नाही असं समजा," ते म्हणाले. "समितीला सांगा, कोणत्या तरी गाईडमध्ये असेल. गाईडवाला काय येतोय भांडायला."

"आणि मुलं?"

"मुलांचं होईल काहीतरी. होतंच. तुम्ही आधी लेखी दिलंय की शिकवलं नाही. आता शिकवलं म्हणालात, तर खोटं पत्र दिलं म्हणून एक, आणि खोटं शिकवलं म्हणून दुसरं. प्रमोशन तर विसराच."

ते बोलले त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी दोन दिवस घेतले. एका दमात धाडस करून गेले, असं लिहायला आवडलं असतं, पण तसं झालेलं नाही. त्या दोन दिवसांत मी बाजारात मिळणारी तीन गाईडं विकत आणून चाळली. गोष्ट कुठे तरी सापडेल आणि मी सुटेन, अशी मला खरोखरच आशा होती. माझीच गोष्ट दुसऱ्याच्या पुस्तकात शोधत मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. नवऱ्याने विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही, एक संदर्भ. तिसरं गाईड मिटलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली, आणि मग बाकी काही ठरवायचं उरलं नाही.

समितीने नाशिकमध्येच, एका कॉलेजच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. तीन जण. अध्यक्ष वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही सदस्य माझ्याहून लहान. मुलांपैकी पाच जणांना बोलावलं होतं, त्यांत ती होती. पाचही जणं सुरगाण्याहून पहाटेच निघून आली होती आणि हॉलबाहेरच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. आधी तिला आत घेतलं. मला तिथेच कोपऱ्यात बसवलं होतं.

"ही गोष्ट तू परीक्षेत लिहिलीस," अध्यक्ष म्हणाले. "ती खरी आहे का, हे तुला कधी बघावंसं वाटलं नाही?"

"खरीच वाटली सर."

"का वाटली?"

तिला प्रश्न कळेना. खरी गोष्ट खरी का वाटते, याला काय सांगायचं? "आमच्याकडून दरवर्षी गाड्या भरून जातात सर," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्याकडूनबी जात असतील."

एक सदस्य हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. मी वही पुढे ठेवली.

"नोट्स माझ्या आहेत सर. सहा वर्षांपूर्वी मी सांगितलेल्या. मुलांनी पाठ केल्या, कॉपी केलेली नाही. माझं आधीचं पत्र चुकीचं आहे."

"आणि हा प्रसंग? तुम्हीच लिहिलंय की कवीच्या चरित्रात असं काही नाही."

"नाहीच. तो मी रचला."

त्यांनी चष्मा काढला. "रचला म्हणजे?"

"मनाने रचला सर. आणि कवीच्या नावावर खपवला."

"कशासाठी?"

"मुलं झोपली होती."

या वेळी दोन्ही सदस्य हसले. कारकुनाने एक छापील तक्ता पुढे केला. त्यात मजकूर, शिकवल्याची तारीख, आणि शेवटी संदर्भाचा स्रोत असा रकाना होता. यात काय लिहायचं मॅडम, त्याने विचारलं. द्या, मी लिहिते, मी म्हटलं, आणि त्या रकान्यात लिहिलं, 'स्वतःची कल्पना'. खाली सही केली. खोटं कशाला सांगू, मला त्या घटकेला स्वतःचा अभिमान वाटला. नोकरीत पहिल्यांदाच मी काहीतरी पणाला लावलं होतं. हॉलचं दार उघडंच होतं, आतलं बोलणं बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. बाहेर आले तेव्हा ती पाचही जणं उभी राहिली. होईल निकाल, मी म्हटलं. वहीवाली मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली. कौतुक अंगावर घ्यायची मला सवय नाही, पण त्या दिवशी ते आवडलं.

निकाल महिना संपायच्या चार दिवस आधी लागला. शिकवलं तेच लिहिलं म्हणून त्या उत्तराचे मार्कही मुलांना मिळाले. मला समज देणारं पत्र आलं, प्रमोशनची फाईल परत आली. प्राचार्य आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले, मग विसरले. तिचं ॲडमिशन झालं. टोळीच्या मुकादमाने तिचं नाव खोडून दुसरी मुलगी घेतली, असं जीपमध्ये कळलं. तालुक्यात जीपमध्ये सगळं कळतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी दोघी बहिणी माझ्या घरी आल्या. धाकटी आता नाशिकलाच हॉस्टेलवर राहत होती, थोरली सुट्टी बघून दिंडोरीहून आली होती. पेढ्यांचा पुडा थोरलीच्या हातात होता. ती माझ्या वर्गात होती, पण तिचा चेहरा मला आठवत नव्हता. अक्षर आठवत होतं. मी चहा केला. थोरली खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि पुस्तकांच्या कपाटाकडे बघत होती.

"ताई, तुला सांगायचं राहिलं," धाकटी म्हणाली. "मॅडमनी त्या सरांना सरळ सांगितलं, गोष्ट मीच मनाने रचली म्हणून. स्वतःवर घेतलं. असं कोणी करत नाय."

"कोणती गोष्ट?" थोरलीने विचारलं.

"ती गं, कोटाची. तुझ्या वहीतली. ज्याने सगळं झालं ती."

थोरलीने कप खाली ठेवला. ती गोंधळली होती, रागावलेली अजिबात नव्हती. "रचली कशी?" ती म्हणाली. "ती तर मी सांगितलेली. मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं का वर्गात, लहानपणचं काय आठवतं म्हणून? मी मागच्या बाकावर होते. आई छाटणीला चाललेली. ही तेव्हा तान्ही, हिला आईने कडेवर नेली, मला आजाकडे ठेवली. जीप होती. मी खुरासणीतून पळाले. फ्रॉक होता माझा, हिरवा. होळीला आई आली तोवर धुऊ दिला नाय मी. तुम्ही छान म्हणालात, बस म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याचा कोट केला."

धाकटीने हे कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणात आई गेलीच नव्हती, ती आईबरोबर होती.

मला लाज वाटली. समितीपुढे वाटायला हवी होती त्याहून कितीतरी जास्त, आणि या वेळी ती मिरवण्यासारखी नव्हती. मी लबाडी कबूल करायला गेले होते आणि तिथेही चोरलेला माल स्वतःच्या नावावर लिहून आले होते, सहीनिशी. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की दिंडोरीच्या बागा बघताना ती मला सुचली. एका रात्रीत एका मुलीचं तोंड, आवाज, बाक सगळं पुसलं गेलं होतं आणि गोष्ट तेवढी उरली होती. अनुभव मनात मुरतो म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आले. कोणाचा अनुभव कोणाच्या मनात, ते कधी सांगितलं नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. "मी डिक्टेट करत होते, तू लिहीत होतीस. माझं आहे म्हणायचं ना."

"कशाला म्हणू?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझं ऐकून तुम्हाला त्याचं आठवलं. त्याचंबी तसंच झालेलं असंल. मला बरं वाटलं लिहिताना. कामावर असते ना मॅडम, पेट्या भरताना, तर कधी कधी मनात येतो तो. कुठला कुठला माणूस, एवढा मोठा कवी, आणि त्याचीबी आई तशीच गेली, त्यानेबी कपडा धुऊ दिला नाय." ती काहीतरी जुळवत होती. "पण तुम्ही त्या सरांना रचली म्हणालात. म्हणजे त्याचं तसं काय नव्हतंच? तो पळालाच नाय?"

मी अजून खोटं बोलू शकले असते. पळाला असेल, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्यासमोर तिचे पेट्या भरून चिरा पडलेले हात होते, आणि एवढं झाल्यावर आणखी एक गोष्ट रचायची हिंमत मला झाली नाही.

"नाही," मी म्हटलं. "तो नाही पळाला. तूच पळाली होतीस."

तिने मान हलवली. पदर नीट केला, पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

"एवढी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "आम्ही दोघं जण होतो."